डॉमिनियनचं पहिलं एक्स्पान्शन: सीसाइड की इंट्रीग?

डॉमिनियन हा पत्त्यांचा खेळ, आणि एक्स्पान्शन म्हणजे मूळ खेळात मिसळायचा जादा पानांचा संच. ही दोन्ही 2009 मधली, पण नवख्याला मी आधी सीसाइडच शिकवते. मुख्य नवा नियम एकच: नारिंगी ड्युरेशन पान खेळलं की पाळी संपताना टाकायचं नाही, पुढच्या पाळीपर्यंत समोर ठेवायचं. व्हार्फ आत्ता दोन पानं आणि एक जादा खरेदी देतं, पुढच्या पाळीच्या सुरुवातीला पुन्हा तेवढंच. आवरताना सवयीने हात तिकडे जातोच, म्हणून ते पान जरा बाजूला सरकवून ठेवा.

इंट्रीगमध्ये नियम ओळखीचेच, कस लागतो तो निवडीत. पॉन चारपैकी दोन फायदे निवडायला लावतं. नोबल्स तीन पानं किंवा दोन अ‍ॅक्शन (म्हणजे त्याच पाळीत आणखी दोन अ‍ॅक्शन पानं खेळायची मुभा) देतं, शिवाय शेवटी 2 गुण. नवखा इथे अडखळतो, बाकीचे ताटकळतात. मूळ खेळ मुरल्यावर मात्र मला इंट्रीगच जास्त रंगतं.