आठ महिने वापरल्यावर: हाताखालची जागा हलवू नका

कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीवर येऊन मला आठ महिने झाले. दिसायला देखणी, वेगही चांगला, आणि एवढ्या काळात ती गोठली ती फक्त दोनदा. क्लिपबोर्डचा इतिहास तर इतका कामाचा आहे की आता त्याशिवाय हात बांधल्यासारखे वाटतात. म्हणजे मी काही शिव्यांची लाखोली वाहायला बसलेली नाही. पण रोज आठ-नऊ तास हिच्यासमोर काढल्यावर एक गोष्ट सतत टोचते. माझं बोट जिथे पोचलेलं असतं, नेमकी तीच जागा ही मला न विचारता बदलते.

सगळ्यात वाईट म्हणजे फोकस पळवणं, म्हणजे मी एका विंडोत टाइप करत असताना दुसरीने मध्येच पुढे येऊन माझ्या की स्वतःकडे घेणं. मध्यंतरी एक लांब मजकूर टाइप करत होते, नजर शेजारच्या कागदावर. परिच्छेद संपला, एंटर दाबला, मान वर केली तर स्क्रीन काळी. ‘आता रीस्टार्ट करायचं?’ विचारणारी चौकट अर्ध्या सेकंदापूर्वी वर आली होती, ‘हो’ हे बटण आधीच निवडलेलं होतं आणि माझ्या एंटरलाच तिने होकार धरला. ऑटोसेव्हने बराचसा मजकूर वाचवला, शेवटच्या चार ओळी गेल्याच. आणखी एकदा पासवर्डची निम्मी अक्षरं चॅटच्या विंडोत उमटली. पाठवायच्या आत दिसली म्हणून निभावलं.

यावर उपाय अवघड नाही. मी टाइप करत असेन तोवर नवी विंडो मागेच उघडावी, टास्कबारवर तिचं चिन्ह हवं तेवढं लुकलुकू दे. चौकट पुढे आणायचीच असेल तर पहिला सेकंदभर तिने एंटर आणि स्पेस मोजूच नयेत. आणि रीस्टार्टसारख्या प्रश्नात आधीच निवडलेलं बटण ‘नंतर’ हेच हवं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये फोकस पळवायला आळा घालणारी सेटिंग कितीतरी वर्षांपासून आहे, तीही कमी-जास्त करता येणारी. इथे मी सेटिंग्जचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, काही सापडलं नाही.

शोधचौकटीचं दुखणं याच जातीचं. तीन अक्षरं टाइप केली की हवं ते अ‍ॅप पहिल्या ओळीत दिसतं. बोट एंटरवर जातं, तेवढ्यात इंटरनेटवरचे निकाल येऊन यादी खाली ढकलतात आणि उघडतो ब्राउझर. उशिरा आलेल्यांनी रांगेत मागे उभं राहावं, बाकी काही म्हणणं नाही.

आता विंडोची कड. माझा मॉनिटर २७ इंची ४के आहे, म्हणजे एका इंचात साधारण १६३ पिक्सेल. कडेची रेघ एका पिक्सेलची, म्हणजे जेमतेम ०.१६ मिलिमीटर. पकडता येणारी जागा तिच्याहून थोडी रुंद आहे, पण ती दिसत नाही, म्हणून बाण पालटेपर्यंत कर्सर इकडे-तिकडे घासत बसायचं. दोन विंडो शेजारी असल्या तर हमखास भलतीच ताणली जाते. लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमध्ये मेनूची पट्टी स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला होती. कर्सर कितीही जोरात वर फेकला तरी तिथेच थांबायचा, नेम धरायची गरज नाही. इथे मात्र विंडो पूर्ण मोठी केली तरी बंद करायचं बटण कोपऱ्याला चिकटत नाही, मध्ये बारीकशी फट राहते आणि क्लिक फुकट जातो. बरं, नोटिफिकेशन येतं तेही त्याच कोपऱ्यात, नेमकं बटण झाकून. बंद करायला जावं विंडो आणि उघडावा कुणाचा तरी निरोप! त्यांना खालचा कोपरा द्या. आणि लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर एक की दाबून विंडो कुठूनही पकडून ओढता येते, तशी सोय दिली तर कडेची कटकटच कमी होईल.

लपणाऱ्या स्क्रोलबारबद्दल फार लिहीत नाही. सेटिंग्जमध्ये तो कायम दिसत ठेवता येतो, ते मी पहिल्याच आठवड्यात केलं.

फाइल उघडायची चौकट मात्र दर वेळी कालचा फोल्डर विसरते. दर अ‍ॅपने आपापला शेवटचा फोल्डर लक्षात ठेवावा, आणि चौकट मी ओढून मोठी केली तर पुढच्या वेळी तेवढीच उघडावी. हे सगळं सुधारेपर्यंत, रीस्टार्टची ती चौकट कामात येऊ नये म्हणून अपडेटची वेळ मी पहाटे तीनची लावून ठेवली आहे.