चीता-चेतकच्या जागी कोण: एलयूएच की कामोव्ह का-२२६टी?

भारतीय सैन्यदलांच्या जुन्या, हलक्या चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांच्या जागी दोन नावं पुढे आली: सरकारी विमानकंपनी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) एलयूएच आणि रशियाचं कामोव्ह का-२२६टी. सियाचीनच्या चौक्यांवर ६,००० मीटरला हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी असते. हेलिकॉप्टरची पाती हवा कमी ढकलतात, इंजिनही दमतं. मग इंधन किंवा सामान कमी करावं लागतं. निवडीची खरी कसोटी हीच.

का-२२६टीला एकावर एक उलट फिरणारे दोन रोटर (डोक्यावरचे फिरते पंखे). शेपटीचा पंखा नसल्याने त्याच्यावर शक्ती खर्च होत नाही आणि आडव्या वाऱ्यात यंत्र स्थिर राहतं. इंजिनं दोन, केबिन सुटी करता येणारी. कागदावर फारच देखणं. पण २०१५ च्या करारातली २०० हेलिकॉप्टरं (६० तयार, १४० भारतात जोडलेली) किंमत आणि देशी सुट्या भागांच्या प्रमाणावर अडली.

एचएएलचं एलयूएच ३,१५० किलोचं, ‘शक्ती’ नावाच्या एकाच इंजिनावर चालणारं. हिमनदीवर एकच इंजिन म्हणजे ते बंद पडलं की उतरायला सपाट जागा हवी, आणि ती तिथे नसते. ऑटोपायलटनेही वेळ खाल्ला. तरीही कौल एलयूएचलाच: एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरसारखं ‘शक्ती’ कुटुंबातलं इंजिन, कर्नाटकातला तुमकुरूचा कारखाना, आणि सुट्या भागांसाठी मॉस्कोकडे डोळे लावणं नाही. जुन्या चीत्यांवर उडणाऱ्या वैमानिकांना आणखी ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे.