आई-बाबांसाठी कॉम्प्युटर घेताना: टॅब्लेट, लॅपटॉप की टेबलावरचा संगणक?

बाबा सेलूला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुधा हेच: "अरे, ते काल हितंच होतं, आज कुठं गेलंय की."

गेल्या चार वर्षांत बाबा, आई आणि अंबाजोगाईचे मोठे काका अशा तिघांना मी तीन वेगवेगळी यंत्रं मांडून दिली. त्यातून माझं ठाम मत झालंय. अवघड कामाला ही माणसं घाबरत नाहीत. बाबांनी आयुष्यभर हजेरीपट आणि निकालपत्रकं हातानं भरली, एका बेरजेची चूक होऊ दिली नाही. त्यांना हैराण करते ती जागा बदललेली वस्तू. म्हणून घेताना मी दोनच गोष्टी आधी बघतो: कोणतं यंत्र आपलं रूप कमीत कमी बदलतं, आणि अडलं तर सोडवायला कोण आहे.

टॅब्लेट

बहुतेक घरांत पहिला विचार टॅब्लेटचाच होतो, आणि आईसाठी तो बरोबर ठरला. तिला कीर्तन ऐकायचं असतं, पुण्यातल्या नातीचं तोंड बघायचं असतं आणि बहिणीला दोन ओळी पाठवायच्या असतात. गूगलच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, त्यामुळे टायपिंगचा प्रश्नच मिटला.

अडचण बोटाची होती. आई बोट टेकवते आणि तसंच दाबून धरते, दाराची कडी दाबावी तसं. टॅब्लेटला ते 'धरून ठेवणं' वाटतं. मग चिन्ह जागचं हलतं, कधी ॲप काढून टाकायचा पर्याय वर येतो, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप 'हरवलेलं' असतं. त्यात कणीक मळलेला किंवा ओला हात असला की स्क्रीन ऐकतच नाही. यावर दोन उपाय लागू पडले. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्पर्श धरण्याचा वेळ 'लांब' करून ठेवला आणि होम स्क्रीनची मांडणी लॉक केली. तेव्हापासून काही हरवलं नाही.

आयपॅडवर २०२३ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस नावाची सोय आहे. त्यात फक्त निवडलेली चार-पाच ॲप मोठ्या चौकटींत दिसतात, बाकी काही समोर येत नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या माणसासाठी याहून शांत पडदा मी पाहिला नाही, पण आयपॅडला पैसे जास्त मोजावे लागतात. फार स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट मात्र घेऊ नका. त्यांचे अपडेट लवकर थांबतात.

बघणं, ऐकणं, बोलणं एवढंच काम असेल तर टॅब्लेट घ्या. पत्र लिहायचं, सातबारा उघडून गट क्रमांक ताडायचा, पेन्शनची स्लिप छापायची, तिथं तो कमी पडतो.

टेबलावरचा संगणक

माझी पहिली पसंती हीच, आणि त्याचं मोठं कारण मॉनिटर आहे. बाबा आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर पेपर वाचायचे. एकदा शेजारी बसून पाहिलं. हनुवटी वर, मान मागे, डोळे अर्धे मिटलेले. चष्मा दुहेरी भिंगांचा, वाचायचं भिंग खाली, आणि मजकूर समोर. म्हणून खालच्या भिंगातून बघायला ते मान मागे टाकत होते. दर संध्याकाळी मान का दुखते हे तेव्हा कळलं. आता मॉनिटर मुद्दाम खाली बसवलाय, वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली, थोडा मागे कललेला. डोळ्यांच्या डॉक्टरांना टेपनं मोजलेलं अंतर सांगून हातभर लांबचं दिसणारा वेगळा चष्माही करून घेतला. वाचायच्या चष्म्याचं अंतर त्याहून जवळचं असतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

मॉनिटर २७ इंची, पण साध्या फुल एचडीचा घ्या. लहान फुल एचडी मॉनिटरवर जेवढे ठिपके असतात तेवढेच इथं मोठ्या काचेवर पसरतात, त्यामुळे सेटिंगला हात न लावता अक्षरं मोठी दिसतात. इथं बारीक, दाट ठिपक्यांचा महागडा फोरके मॉनिटर काही कामाचा नाही.

डबा, म्हणजे खुद्द संगणक, नवा असायची गरज नाही. ऑफिसांतून निघालेले छोटे संगणक नव्या लॅपटॉपपेक्षा बरेच स्वस्त पडतात. फक्त एसएसडी (फाइली ठेवायची वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम (कामाची मेमरी) असल्याची खात्री करा. विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालतं. एका दुकानदारानं मला सहाव्या पिढीच्या यंत्रावर आडवाटेनं ११ टाकून "चालतंय की" म्हणून दिलं होतं. असं घेऊ नका, पुढचे अपडेट बसतील याची हमी नसते.

त्या यंत्रावर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकली. फुकट आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, आणि मुख्य म्हणजे ते जागा बदलत नाही. खाली पट्टी, डावीकडे मेनू, समोर चार चिन्हं: पेपर, सातबारा, टपाल, नातवंडांचे फोटो. बाबांचा हात थोडा कापतो, दोन क्लिकच्या मध्ये माउस सरकतो आणि फाइल ओढली जाते. म्हणून एका क्लिकवर उघडण्याची सोय चालू केली. ती विंडोजमध्येही आहे.

पण लिनक्ससाठी व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही, म्हणून व्हिडिओ कॉल बाबा फोनवरूनच करतात. आणि मिंट जाणणारा माणूस मला सेलूत सापडला नाही, ते यंत्र मी संभाजीनगरातून सांभाळतो. तुमच्याकडून तसं होणार नसेल तर विंडोजच द्या; तालुक्याच्या दुकानातला पोरगा तरी येऊन बघेल.

लाइट गेली की टेबलावरचा संगणक तिथंच बंद पडतो. इन्व्हर्टर असला तरी त्यावर यूपीएसचा मोड नसेल तर क्षणभराच्या खंडातही तो रीस्टार्ट होतो. छोटा यूपीएस लावाच. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतं, डब्याला हात लावला की मुंग्या येतात. वायरमन बोलावून ते आधी करून घ्या.

लॅपटॉप

मोठे काका ९१ वर्षांचे. त्यांचं प्राथमिक शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं, आणि आजही मनाची शायरी ते उर्दूतच वाचतात. ते पलंगावर बसून वापरणार, लाइटचा भरवसा नाही, म्हणून त्यांना विंडोज ११ चा लॅपटॉप दिला. विंडोजमध्ये नस्तालिक वळणाचा, म्हणजे उर्दू पुस्तकांतल्या तिरक्या अक्षराचा, फाँट मिळतो. तो बसवून अक्षर मोठं केलं तेव्हा काकांनी स्क्रीनवरून बोट फिरवत पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

यंत्र म्हणून मात्र लॅपटॉप मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पडदा लहान, टचपॅड म्हाताऱ्या बोटांना जुमानत नाही. वायरचा माउस जोडाच, बॅटरीचा नको. आणि विंडोज ११ बोलतं फार. कोपऱ्यात सूचना, बातम्यांची पेटी, अमुक चालू करा, तमुक करून पाहा. हे सगळं बंद करायला माझी एक दुपार गेली. काकांचं खातं साधं ठेवलं, नवं काही बसवायला लागणारा ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माझ्याकडे.

क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, शांत असतं, अपडेट गुपचूप होतात, २०२१ पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं ते मिळतात. पण इंटरनेट गेलं की त्याचं बरंचसं काम थांबतं. घरी फायबर चांगलं चालत असेल तरच विचार करा.

एक सांगून ठेवतो. हयातीच्या दाखल्यासाठी संगणक घेत असाल तर थांबा. या दाखल्याच्या जीवन प्रमाण सेवेची चेहरा ओळखण्याची सोय अँड्रॉइड फोनवर होते, आणि बोटांचे ठसे झिजलेल्यांना तीच सोयीची.

मांडणी

पडद्याची भाषा मराठी ठेवायची का? मी इंग्रजीच ठेवली. फोनवर मी "सेव्ह दाब" म्हणतो आणि बाबांना समोर 'जतन करा' दिसलं तर दोघंही अडकतो. ज्या भाषेत तुम्ही फोनवर सांगणार, तीच पडद्यावर हवी.

ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पहिल्याच दिवशी टाका. 'तुमच्या संगणकात व्हायरस' असं ओरडणारी पानं बहुतेक तिथूनच येतात. दुरून स्क्रीन बघायची सोयही लागेल. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आधीच असतं. पण ठगही हीच सोय वापरतात. म्हणून आमच्या घरी नियम आहे: फोन आपण लावला असेल तरच समोरच्यानं सांगितलेला कोड टाकायचा, समोरून आला तर ठेवून द्यायचा, मग तो बँकेचा असो की पोलिसाचा. बाबांनी हे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय, खाली सायबर हेल्पलाइनचा १९३० लाल शाईत.

दिवाळीत मांडायला जाणार असाल तर तीन दिवस राहा. पहिल्या दिवशी तुम्ही करून दाखवा. दुसऱ्या दिवशी माउस त्यांच्या हातात, तुम्ही शेजारी, हाताची घडी. तिसऱ्या दिवशी ओसरीवर जाऊन बसा आणि घरातल्या घरात फोन लावून सांगा. कुठं अडतं ते तेव्हाच कळेल, आणि उठून आत जायला अजून वेळ असेल.