हत्तीवाल्या डेनारियसमधून पितळ निघालं

जुनी रोमन नाणी ऑनलाइन घेत असाल तर हे जरूर वाचा, माझे ३२० युरो गेलेत.

मी जर्मनीत असतो, रोमन रिपब्लिकची चांदीची नाणी जमवतो आणि ज्युलियस सीझरचं हत्तीवालं डेनारियस (रोमचं चांदीचं नाणं) मला किती दिवसांपासून हवं होतं. इ.स.पू. ४९ च्या यादवीत सैन्याचे पगार भागवायला त्याने ते पाडलं, एका बाजूला सापासारखं काहीतरी तुडवणारा हत्ती अन् खाली सीझरचं नाव, दुसऱ्या बाजूला पूजेची अवजारं, कारण तो रोमचा मुख्य पुरोहितही होता.

नाणं आलं, वजन केलं तर ३.१ ग्रॅम. त्या काळचं डेनारियस ३.८-३.९ च्या आसपास भरतं, झिजलं तर थोडं कमी, पण हे झिजलेलंही नव्हतं. विचारलं तर विक्रेता म्हणाला, हे त्या काळातलंच बनावट आहे, आत तांबं नि वर चांदीचा पत्रा, म्हणून हलकं. इथेच मी फसलो, कारण तसली नाणी खरंच सापडतात आणि जमवणारे तीही आवडीने घेतात. मी विश्वास ठेवला आणि परत पाठवायची मुदत निघून गेली.

दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा आमच्या सोनारकाकांना दाखवलं. त्यांनी कडेला कानस मारली तर आतून पिवळं! तांबं लाल दिसायला हवं ना. "अरे हे पितळ आहे, वरून चांदीचं पाणी दिलंय," काका म्हणाले. मग त्यांच्या भिंगातून कड पाहिली, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ घासून काढलेली, पण एका जागी राहिलेली, म्हणजे नाणं साच्यात ओतलेलं. खरं डेनारियस दोन ठशांमध्ये चकती ठेवून वरून हातोडा मारून पाडायचे, त्या घावाने कधीकधी कड आरपार तडकते. माझ्या नाण्यावर हत्तीच्या पायाजवळ तशी चीर दिसत होती, पण कडेवर तिचा मागमूस नाही, म्हणजे खऱ्या नाण्यावरून साचा काढताना चीरही साच्यात उतरलेली. म्हणून कडेचा फोटो आणि वजन मागितल्याशिवाय पैसे पाठवूच नका, आणि विक्रेत्याने आधी विकलेली नाणी चाळा, मी ते फार उशिरा केलं, तर तीच चीर त्याच जागी असलेली आणखी दोन निघाली. हातोड्याने पाडलेली दोन नाणी अशी हुबेहूब सारखी तडकत नाहीत हो.

सगळे फोटो त्याला पाठवले, उत्तर आलं नाही आणि आठवड्याभरात खातंच बंद. परवा तोच हत्ती, तीच चीर, दुसऱ्या नावाने पुन्हा विकायला आलाय, यावेळी वजन लिहिलेलंच नाही.