बेळगावातील एका स्तनविकार बाह्यरुग्ण विभागाविषयी

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंना, वय ४१, पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही स्तनांत ठणका लागत असे आणि अलीकडे डाव्या बाजूला एक गाठही हाताला लागू लागली होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी एका लॅबमध्ये हार्मोनच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. बराच पैसा गेला, सर्व आकडे सामान्य आले आणि काळजी मात्र होती तशीच राहिली. त्यानंतर आम्ही बेळगावातील एका खाजगी रुग्णालयाच्या स्तनविकार विभागात गेलो.

या विभागाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तेथील डॉक्टरबाई रुग्णाला समजावून सांगण्यासाठी देत असलेला वेळ. ‘अक्का, रक्तातले हार्मोन ठीक असले तरी स्तनाच्या पेशी त्यांना जास्त प्रतिसाद देऊ शकतात,’ असे त्यांनी मराठीतूनच सांगितले आणि जुन्या रिपोर्टांचे कोडे उलगडले. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे दूधनलिका वाढतात, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात, म्हणून पाळीच्या आधी स्तन जड व दुखरे होतात आणि पाळी आली की उतार पडतो. तरुण मुलींमधील, कर्करोगाची नसलेली फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ गरोदरपणात वाढू शकते व पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते, तर पाण्याच्या गाठी पस्तिशीनंतर, पाळी जाण्याच्या काळापर्यंत अधिक आढळतात. या सगळ्यामागे हार्मोनचाच हात असला तरी रक्ततपासणी सरसकट लागत नाही, बाळ अंगावर पीत नसताना स्तनाग्रातून दुधासारखा स्राव येत असेल तर मात्र प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारा हार्मोन, रक्तात पाहावा लागतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

त्यांनी हाताने तपासले, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घेतली. गाठ पाण्याची निघाली. सुईने काढलेले पाणी रक्तमिश्रित नव्हते आणि गाठ पूर्ण बसली, त्यामुळे ते पाणी पुढे प्रयोगशाळेत तपासायला पाठवावे लागले नाही. दुखण्यासाठी नीट मापाची ब्रा आणि लावायचे वेदनाशामक जेल एवढेच सुचवले. जाऊबाईंनी इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूलविषयी विचारले, तेव्हा त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही असे स्पष्ट उत्तर मिळाले. विकण्यासाठी काहीही पुढे केले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ठणका असह्य राहिला तर ऑर्मेलॉक्सिफेनचा विचार करता येईल, असे त्यांनी सांगितले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ही गोळी आपल्याकडे ‘सहेली’ आणि सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ या नावाने गर्भनिरोधक म्हणून परिचित आहे. ती इस्ट्रोजेनचा स्तनावरील परिणाम रोखते, पण पाळी लांबवू शकते आणि गरोदरपणात घ्यायची नसते.

दोन उणिवा मात्र नोंदवायलाच हव्यात. माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत आहे. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या अनेक मराठी बायकांना ते वाचता येत नाही, आणि तोंडी ऐकलेले सगळे घरी पोहोचेपर्यंत लक्षात राहत नाही. दुसरे, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास स्तन मऊ असतात व तपासणी सोपी जाते, तरीही नाव नोंदवताना पाळीची तारीख कोणी विचारत नाही. तेथे जाणाऱ्यांनी ती तारीख फोनवर स्वतःहून सांगावी, दोन-तीन महिन्यांच्या दुखण्याची नोंद कॅलेंडरवर करून न्यावी आणि गाठ नवी असेल तर तारखेसाठी थांबून न राहता लगेच दाखवावी.