शर्यतीची फाईल : कन्नड चोख, जोडपत्रं रामभरोसे

कर्नाटकातल्या आमच्या निपाणीत एका डीटीपी-झेरॉक्सवाल्याकडून आमच्या यात्रा कमिटीची बैलगाडी शर्यतीच्या परवानगीची फाईल करून घेतली. पाचपैकी तीन स्टार, तेही कन्नडसाठी.

आम्ही बाजारापुरतं कन्नड बोलतो, पण सरकारी अर्ज म्हटलं की घाम फुटतो. मी मराठीत सांगत गेलो आणि टायपिंगचा पोरगा मान वर न करता कन्नडमध्ये बडवत गेला. 'चाबूक, टोचणी, बॅटरीचा शॉक यांपैकी काहीही वापरणार नाही' हे वाक्य त्यानंच सुचवलं. अर्ज कचेरीत कुणी परत केला नाही.

घोळ झाला जोडपत्रांत. फाईल उघडली तर वरच 7 मे 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. अहो, शर्यती बंद पाडल्या त्या ह्याच निकालानं! मागायची परवानगी आणि जोडायचा बंदीचा कागद? लागतो तो 18 मे 2023 चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. मधल्या काळात, 2017 मध्ये, कर्नाटक आणि महाराष्ट्रानं केंद्राच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शर्यतींना वाट देणारी आपापली दुरुस्ती केली. राज्यांना तो अधिकारच नाही, असं म्हणत प्राणीमित्र कोर्टात गेले. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा आहे आणि राष्ट्रपतींची संमती घेतलेली आहे, म्हणून 2023 च्या ह्या निकालात दुरुस्त्या टिकल्या.

शिवाय नियम जोडले होते महाराष्ट्राचे. शर्यतीच्या अंतराची 1000 मीटरची अट सीमेपलीकडच्या कागलच्या मैदानाला लागू, आमच्या नाही. आमची दुरुस्ती कर्नाटकची, त्यात कंबळ (चिखलातली रेड्यांची शर्यत) आणि बैलगाडी शर्यत एकत्र आहेत. सीमेवर दुकान थाटलंय तर एवढं तरी माहीत हवं.

मालकाला विचारलं तर म्हणे, "मोबाईलवर पहिला आला तो काढला." निकाल बदलून दिला, पण शेवटची पानं गाळून. अटी काटेकोर पाळल्या जातात का, ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलीय ती नेमकी तिथं. आमच्या गाडीवानांना तीच पानं वाचून दाखवायची होती! वाया गेलेल्या झेरॉक्सचे पैसेही बिलात धरले, ते वेगळंच.

अर्जासाठी खुशाल जा. निकालाची पीडीएफ मात्र सुप्रीम कोर्टाच्या साइटवरून काढून पेनड्राइव्हमध्ये न्या, आणि स्पायरल करायच्या आधी पानं मोजा.