दहावीची ॲप्टिट्यूड टेस्ट, नौपाडा (ठाणे): पैसे अहवालाचे, मोल पाऊण तासाचं

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे समुपदेशन केंद्र आहे. आठवी ते बारावीच्या मुलांची ॲप्टिट्यूड टेस्ट घेतात आणि मग करिअर समुपदेशन करतात. फी ४,५०० रुपये. त्यात चाचण्या, छापील अहवाल आणि आठवड्यानंतरची दीड तासाची भेट. बहुतेक पालक पैसे भरतात ते अहवालासाठी. पण इथे यावं ते त्या भेटीतल्या पहिल्या पाऊण तासासाठी. तेव्हा मूल एकटं आत असतं आणि आईबाबा बाहेर.

चाचण्या सकाळी साडेनऊला सुरू होतात. तीन तास लागतात, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. शब्द, आकडे, तर्क, आकृत्या आणि यंत्रांची समज या क्षमतेच्या चाचण्यांना वेळ लावलेली असते. आवड आणि स्वभावाच्या प्रश्नावल्यांना वेळेचं बंधन नाही, त्यात चूक-बरोबरही काही नाही. आवडीची प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा गटांवर बेतलेली आहे: हाताने करायची कामं, शोध घ्यायची, कलेची, माणसांना मदत करायची, पुढाकार घेऊन व्यवहार चालवायची आणि नोंदी-नियमांची.

आकृत्यांच्या चाचणीत उलगडलेल्या खोक्याचं चित्र देतात. घडी घातल्यावर चारपैकी कोणतं खोकं होईल, ते ओळखायचं. काही मुलं पुस्तिका गोल फिरवतात, काही बोटाने हवेतच घड्या घालतात. परीक्षक हे प्रत्येकाच्या नावासमोर टिपून ठेवतात. या टिपणांसाठी केंद्राला पूर्ण गुण द्यायला हवेत, कारण कमी गुण समज कमी म्हणून आले की वेळ अपुरा पडला म्हणून, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे मराठी पुस्तिका. सगळं शिक्षण मराठीतून झालेल्या मुलीला इंग्रजी पुस्तिका दिली, तर शाब्दिक चाचणीत मोजलं जातं तिचं इंग्रजी. मग ‘भाषा कच्ची’ असा शिक्का बसतो आणि तिच्या मनातला एखादा रस्ता तिथेच बंद होतो. मात्र नुसतं भाषांतर पुरत नाही. गुणांची तुलना कोणत्या मुलांशी केली, हेही विचारायला हवं. इथे विचारलं की तो तक्ता दाखवतात.

आता त्या पाऊण तासाबद्दल. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये किशोरवयातल्या ‘मी कोण’ या प्रश्नाच्या चार अवस्था मांडल्या. पर्याय चाचपून पाहिलेत का आणि एखाद्यावर मन ठरलंय का, या दोनच प्रश्नांवर त्या उभ्या आहेत. चाचपलंही नाही आणि ठरलंही नाही, ही एक. न चाचपताच ठरलं, ही दुसरी. चाचपणं चालू आहे, ही तिसरी. चाचपून ठरलं, ही चौथी. घरातल्यांना सगळ्यात कौतुक दुसऱ्या अवस्थेचं असतं. ‘आमच्या मुलाचं सातवीपासून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग पक्कं आहे.’ आणि तिसऱ्या अवस्थेतल्या मुलाला ‘धरसोड’ म्हणून बोलणी बसतात, जरी खरं काम तेच मूल करत असलं तरी.

इथल्या समुपदेशक हा फरक नेमका पकडतात. अहवाल बाजूला ठेवून त्या विचारतात: हे पहिल्यांदा कोण म्हणालं? त्या कामात माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नक्की काय करतो? गेल्या महिन्यात कोणी न सांगता कशात दोन तास गेले? दुसऱ्या प्रश्नाला बरीच मुलं थबकतात. मग तीन आठवड्यांचा गृहपाठ मिळतो: त्या क्षेत्रातल्या दोन माणसांशी बोलायचं, पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचायचा, एक छोटं काम स्वतः करून पाहायचं.

आत बोललेलं पालकांना सांगत नाहीत. अपवाद जिवाला धोका असण्याचा, आणि तो मुलाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगतात. पुढची पंचवीस मिनिटं पालकांची. शेवटची वीस सगळ्यांची, आणि त्यात मूल स्वतः बोलतं. समुपदेशक त्याच्या वतीने बोलत नाहीत. हे फार मोलाचं आहे, कारण घरी गेल्यावर बोलायचं त्यालाच असतं.

उणिवाही आहेत. खोलीला पार्टिशन प्लायवूडचं, बाहेरच्या बाकावर आतलं निम्मं ऐकू येतं. मुलांना ते कळतं आणि आवाज खाली जातो. केंद्राने हे आधी दुरुस्त करावं. तोवर पालकांनी खुशाल राम मारुती रोडला चक्कर मारून यावं.

अहवाल वीस पानांचा, निम्मा मजकूर साचेबद्ध. ६२ पर्सेंटाईल म्हणजे ६२ गुण नव्हेत, शंभरांतल्या ६२ मुलांच्या पुढे, हे ठळक छापायला हवं होतं. दहाच्या मापावर पाच आणि सहा यांत खरा फरक धरता येत नाही, तरी त्यावरून क्रमवारी लावली आहे. शेवटी तीस करिअरची यादी. पालक आधी तेच पान उघडतात. त्यात वागळे इस्टेटच्या आयटीआयचा किंवा पॉलिटेक्निकचा उल्लेखही नाही. हातात कसब असणाऱ्या मुलांवर हा अन्याय आहे.

वेळ नीट निवडा. नववीची मे महिन्याची सुट्टी उत्तम. दहावीच्या निकालानंतर गर्दी आणि घाई दोन्ही असते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे होते आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घेणं बंधनकारक होतं. तीन आठवड्यांची चाचपणी या धांदलीत बसत नाही. क्लासच्या टेस्टनंतर दमलेलं मूलही आणू नका. तिसऱ्या तासाला ते नुसते गोल रंगवतं आणि आवडीचा आलेख सपाट येतो.

मॉलमध्ये बोटांचे ठसे घेऊन ‘जन्मजात कल’ सांगणारी चाचणी स्वस्त वाटली तरी घेऊ नये. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात, पुढे बदलत नाहीत. पंधराव्या वर्षीची आवड त्यांत कुठून येणार? इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं आहे.

येताना गेल्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, चष्मा, पाण्याची बाटली आणि पोटभर नाश्ता झालेलं मूल एवढं पुरे. गृहपाठानंतरच्या दुसऱ्या भेटीची वेगळी फी नाही, पण ती मागून घ्यावी लागते. ते आपणहून फोन करत नाहीत.